गोल न करणाऱ्याचे चाहते

हॉस्टेलच्या ग्राउंडवर टीम पाडताना एक गोष्ट ठरलेली असते. ज्याला ड्रिबलिंग येतं तो पुढे, ज्याचे बूट महागातले तो विंगवर, आणि उरलेल्यांना एकच आदेश मिळतो, "तू बॅकला थांब रे." त्यातलं 'थांब' नीट ऐका. खेळ नाही, थांब! मी गेली तीन वर्षं तिथेच थांबतोय, डाव्या बाजूला. त्यामुळे या लेखात थोडा पक्षपात असणार, हे आधीच सांगून टाकतो.

तर मंडळी, मला पडलेलं कोडं असं. पाओलो माल्दिनी नावाचा इटलीचा एक डिफेंडर २००९ साली निवृत्त झाला. त्याने शेवटची मॅच खेळली तेव्हा आमच्या विंगमधली बहुतेक जनता बालवाडीत रडत होती. त्याला खेळताना लाइव्ह पाहिलेला एकही जण आमच्यात नाही. तरीही दोन खोल्यांच्या दारांवर त्याचं पोस्टर आहे. गेममध्ये कोणाला माल्दिनीचं 'आयकॉन' कार्ड लागलं की ते मजल्यावरच्या प्रत्येकाला कळतं, कारण ओरडा तसाच होतो. आणि मेसमध्ये 'ऑल टाइम इलेव्हन' निवडायला बसलं, की पेले, मॅराडोना, मेस्सी यांच्यावरून भाजी थंड होईपर्यंत भांडणं होतात. पण लेफ्ट बॅकची जागा आली की रोबेर्तो कार्लोसचे दोन भक्त सोडले तर सगळे एका सुरात माल्दिनी म्हणतात.

फॉरवर्ड आवडणं समजू शकतो. गोल दिसतो, मोजता येतो, दहा सेकंदांची क्लिप बनते. डिफेंडरचं काम म्हणजे काहीतरी होऊ न देणं. जे झालंच नाही ते पाहायचं कसं आणि त्याचे चाहते व्हायचं कसं? आपल्या कबड्डीत निदान न्याय आहे. कोपऱ्यावरच्याने चढाई करणाऱ्याची पकड केली की पॉइंट मिळतो, फळ्यावर आकडा बदलतो. फुटबॉलमध्ये जगातली सर्वात सुंदर पकड केली तरी फळा ढिम्म हलत नाही. माल्दिनीने पंचवीस सीझनमध्ये इटलीच्या लीगमध्ये २९ गोल केले. एवढे गोल बरा फॉरवर्ड दोन सीझनमध्ये करतो. मग हा माणूस एवढा लोकप्रिय झाला कशाने?

आधी त्याची थोडक्यात कुंडली. जन्म २६ जून १९६८, मिलान शहरात. वडील चेझारे माल्दिनी स्वतः एसी मिलानचे डिफेंडर आणि कॅप्टन. १९६३ साली वेम्बलीवर बेनफिकाला २-१ ने हरवून युरोपियन कप उचलणारे कॅप्टन तेच. अशा घरात जन्मलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून 'वशिल्याचं तट्टू' हे बिरुद फुकट मिळतं. २० जानेवारी १९८५ ला उडिने शहरात उदिनेसेविरुद्धच्या मॅचमध्ये कोच लीडहोम यांनी त्याला हाफटाइमनंतर मैदानात उतरवलं, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. तिथपासून ३१ मे २००९ पर्यंत तो एकाच क्लबसाठी खेळला. अधिकृत मॅचेस ९०२. त्यात लीगच्या ६४७, आणि तो विक्रम थेट २०२० मध्ये बुफोनने मोडला. बुफोन गोलकीपर होता, हे लक्षात घ्या. त्याला उभं राहून खेळता यायचं. (गोलकीपर मित्रांनी रागावू नये.) सात वेळा लीग, पाच वेळा युरोपियन कप म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग.

कपांची यादी पाठ करणारे बरेच असतात. तो प्रत्यक्ष करायचा काय, ते कोणी सांगत नाही. म्हणून तिथे जरा थांबू.

माल्दिनी तयार झाला तो साक्कीच्या मिलानमध्ये. आरिगो साक्की १९८७ साली कोच म्हणून आला. त्याआधी इटलीत डिफेन्सची पद्धत साधारण अशी होती, की प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, तो पाणी प्यायला गेला तरी मागे जायचं, आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू गळती थांबवायला ठेवायचा. साक्कीने माणूस धरणं बंद करून जागा धरायला लावली. चौघे डिफेंडर एका ओळीत, आणि बॉल सरकेल तशी पूर्ण ओळ सरकणार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही ओळ आपल्या गोलपासून बरीच पुढे उभी. सर्वात मागचा डिफेंडर आणि सर्वात पुढचा फॉरवर्ड यांच्यात अंतर फार तर पंचवीस-तीस मीटर. शंभरेक मीटर लांबीच्या मैदानात दहा माणसं तेवढ्या पट्ट्यात कोंबली, तर समोरच्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

पण मग मागे एवढं मोठं मोकळं रान पडलं त्याचं काय? ते सांभाळतो ऑफसाइडचा नियम. बॉल पास होतो त्या क्षणी फॉरवर्ड शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असेल, तर तो ऑफसाइड. (शेवटचा म्हणजे बहुतेक वेळा गोलकीपर.) म्हणजे ओळ एकदम एक पाऊल पुढे सरकली, की समोरचा फॉरवर्ड बिचारा काही न करता गुन्हेगार ठरतो. अट एकच, चौघांनी एकाच क्षणी सरकायचं. तिघे सरकले आणि चौथा आठवणीत रमला, तर समोरचा एकटा गोलकीपरसमोर. ही चौकडी होती तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता आणि माल्दिनी. वर्षानुवर्षं एकत्र खेळून त्यांचं असं जमलं होतं, की बारेसीचा हात वर जायच्या आत बाकीचे पुढे आलेले असत. १९९० मध्ये नियम बदलला, शेवटून दुसऱ्याच्या बरोबरीत असलेला फॉरवर्ड ऑनसाइड धरायला लागले. म्हणजे यांच्या हातातली सवलत कमी झाली. तरी यांचं काही बिघडलं नाही.

साक्कीने स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. गुलिट आणि व्हान बास्तेन त्याच्याशी वाद घालायचे, की एवढी शिस्त कशाला. त्याने पैज लावली. एका बाजूला गोलकीपर आणि हे चौघे, असे पाच. दुसऱ्या बाजूला दहा, त्यात गुलिट, व्हान बास्तेन, रायकार्ड, डोनाडोनी, आन्चेलोत्ती. वेळ पंधरा मिनिटं. पाच जणांनी बॉल मिळवला, की दहा जणांनी आपल्या अर्ध्या मैदानातून परत सुरुवात करायची. दहा जणांना एकही गोल करता आला नाही. ही पैज पुन्हा पुन्हा लावली, तरी नाही. फुटबॉलबद्दल वाचलेल्यापैकी माझा सर्वात आवडता प्रयोग हाच. इनपुट दुप्पट, आउटपुट शून्य.

या ओळीतला माल्दिनी मूळचा उजव्या पायाचा आणि खेळायचा डावीकडे. हे सोपं नाही. मी उजव्या पायाचाच आहे आणि डावीकडे उभा असतो, म्हणून अनुभवाने सांगतो, की शरीर चुकीच्या बाजूला वळतं आणि बॉल क्लिअर करायला अर्धा सेकंद उशीर होतो. माल्दिनीने दोन्ही पाय इतके सारखे केले होते, की नवख्याला व्हिडिओ दाखवला तर तो त्याला डावखुराच समजतो. आणखी एक बघा. तो समोरच्यावर धावून जात नाही. थोडा तिरका उभा राहतो, मधला रस्ता बंद आणि लाइनकडचा रस्ता उघडा ठेवून. समोरच्याला वाटतं आपल्याला जागा मिळाली, तो तिकडे वळतो आणि हळूहळू मैदानाच्या कडेला जाऊन अडकतो. कडेची लाइन हा माल्दिनीचा बारावा खेळाडू होता म्हणा ना. 'मला टॅकल करावा लागला, म्हणजे आधीच माझी चूक झालेली आहे' अशा अर्थाचं एक वाक्य त्याच्या नावावर सगळीकडे फिरतं. पोस्टरवरही तेच छापलेलं असतं. व्हिडिओ बघितले की पटतं. घसरत जाऊन चिखल उडवणारे टॅकल त्याच्याकडे होते, आणि ते अतिशय सफाईदार होते. पण बहुतेक वेळा पास निघायच्या आधी हा गृहस्थ तिथे जाऊन उभा असतो, बॉल येतो, तो घेऊन निघून जातो. कॅमेऱ्याला काही नाट्य मिळतच नाही.

एका उन्हाळ्यात मात्र हे न दिसणारं काम सगळ्या जगाला दिसलं. १८ मे १९९४, अथेन्स, युरोपियन कपची फायनल. समोर क्रॉयफची बार्सिलोना, पुढे रोमारिओ आणि स्टॉइचकॉव्ह. मिलानचे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही सस्पेंड झालेले. जाणकारांनी मिलानला आधीच मोडीत काढलं होतं. माल्दिनी आपली डावी बाजू सोडून मध्ये आला, जोडीला फिलिपो गाली. मिलान ४-०. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ जुलैला, अमेरिकेत पासाडेनाला वर्ल्ड कपची फायनल, इटली आणि ब्राझील. कोस्ताकुर्ता पुन्हा सस्पेंड, माल्दिनी पुन्हा मध्ये, या वेळी सोबत गुडघ्याच्या ऑपरेशनमधून महिन्याभराच्या आत परतलेला बारेसी. समोर पुन्हा रोमारिओ. १२० मिनिटं ०-०. म्हणजे दोन फायनल, २१० मिनिटं, आणि त्या काळचा सर्वात धोकादायक फॉरवर्ड खेळ चालू असताना एकही गोल करू शकला नाही. ब्राझील पेनल्टीवर जिंकला, ती गोष्ट वेगळी. त्या वर्षी 'वर्ल्ड सॉकर' मासिकाने वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून माल्दिनीला निवडलं. हा मान मिळालेला तो पहिला डिफेंडर. बॅलन डी'ऑरमध्ये मात्र तिसरा. २००३ मध्ये पुन्हा तिसराच.

आमच्या वर्कशॉपमधले एक सर १९९० च्या वर्ल्ड कपबद्दल सांगतात. दूरदर्शनवर इटलीच्या मॅचेस रात्री साडेबाराला लागायच्या, आवाज बारीक करून बघायच्या, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात झोपायचं. त्या इटलीने पहिल्या पाच मॅचेसमध्ये एकही गोल खाल्ला नाही; पहिला गोल थेट सेमीफायनलला, अर्जेंटिनाच्या कनिजियाने केला. डावीकडे बावीस वर्षांचा माल्दिनी. सरांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा दोन प्रकारचे लोक त्याच्याकडे बघायचे, एक फुटबॉल कळणारे आणि दुसरे त्यांच्या बहिणी. दिसायला देखणा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. निळे डोळे, लांब केस, शर्टाची कॉलर. लोकप्रियतेत याचा वाटा किती, असं विचाराल तर मी म्हणेन, दार उघडण्यापुरता. देखणे खेळाडू दर वर्ल्ड कपला चार निघतात आणि पुढच्या वर्ल्ड कपला आठवतही नाहीत.

मला वाटतं, खरं उत्तर वेळेत आहे. डिफेंडरचं एक काम दिसत नाही, पण नऊशे मॅचेस दिसतात. १९८५ ला जो मॅराडोनाच्या काळात मैदानावर आला, तो पुढे क्रिस्तियानो रोनाल्दोसमोरही उभा होता. दरम्यान नियम बदलले, गोलकीपरला मुद्दाम पायाने दिलेला पास हाताने घ्यायला १९९२ पासून बंदी आली, विजयाला दोनाऐवजी तीन पॉइंट झाले, क्लबचे कोच आले आणि गेले. वेग कमी होऊ लागला तसा माल्दिनी डावीकडून मध्ये सरकला. तिथे पळणं कमी, ओळखणं जास्त. २००७ च्या मेमध्ये, एकोणचाळिसावा वाढदिवस महिन्यावर असताना, त्याने कॅप्टन म्हणून लिव्हरपूलला हरवून पाचवा कप उचलला. आपल्याकडे द्रविडबद्दल लोकांना जे वाटतं, ते पहिल्या शंभर धावांवर वाटलेलं नाही. ते हळूहळू साचत गेलं. तसंच हे.

आणि तो हरला किती, हेही बघा. इटलीसाठी १२६ मॅचेस, त्यातल्या ७४ कॅप्टन म्हणून, आणि हातात एकही कप नाही. १९९० ला तिसरा नंबर. १९९४ ला पेनल्टीवर पराभव. १९९८ ला क्वार्टर फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध पुन्हा पेनल्टी, आणि तेव्हा इटलीचे कोच त्याचे वडीलच. युरो २००० च्या फायनलला इंज्युरी टाइमपर्यंत १-० ने पुढे, मग बरोबरी, मग गोल्डन गोल. २००२ ला दक्षिण कोरियाच्या आन जुंग-ह्वानने गोल्डन गोल मारला तो हेडर माल्दिनीच्याच डोक्यावरून उडी घेऊन. त्यानंतर तो इटलीकडून थांबला, आणि चारच वर्षांनी इटली वर्ल्ड कप जिंकली! कॅप्टन कानावारो, तोही डिफेंडर, आणि बॅलन डी'ऑरसुद्धा त्यालाच. इस्तंबूलची २००५ ची चॅम्पियन्स लीग फायनल तर सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या मिनिटात गोल केला तो चक्क माल्दिनीने, हाफटाइमला ३-०, आणि शेवटी कप लिव्हरपूलकडे. सगळंच जिंकणाऱ्याचा आदर करता येतो, पण जीव लागायला थोडं हरावं लागतं. निदान आमच्या विंगमध्ये तरी, जिथे बॅकलॉग नसलेल्या मुलाकडे आम्ही संशयाने बघतो.

आता एक उलटी गोष्ट. एवढ्या लोकप्रिय माणसाला स्वतःच्या घरच्या मैदानावर निरोप कसा मिळाला? २४ मे २००९, सान सिरो, रोमाविरुद्ध शेवटची घरची मॅच. मिलान २-३ ने हरली. मॅचनंतर माल्दिनी मैदानाला फेरी मारायला निघाला आणि गोलमागच्या स्टँडमधून शिट्ट्या आल्या. इटलीत शिट्टी म्हणजे कौतुक नव्हे, हुर्यो. त्या स्टँडमध्ये 'अल्ट्रा' म्हणवणारे संघटित चाहते बसतात. त्यांच्याशी त्याचे पूर्वी खटके उडालेले होते, त्यांच्या पुढे-मागे करणं त्याने कधी केलं नाही. त्यांनी बॅनर लावला त्याचा आशय असा, की मैदानावर तू महान, पण ज्यांनी तुला श्रीमंत केलं त्यांचा मान तू ठेवला नाहीस. वर बारेसीच्या नावाचा जयघोष, कॅप्टन एकच म्हणून. पंचवीस वर्षांच्या नोकरीचा सेंड ऑफ! माल्दिनीचं म्हणणं पुढे एवढंच होतं, की आपण त्यांच्यातले नाही याचा आपल्याला अभिमान आहे.

पुढच्या रविवारी फ्लॉरेन्समध्ये शेवटची मॅच, फिओरेंतिनाविरुद्ध. मिलान २-० ने जिंकली, म्हणजे यजमान हरले. तरी तो बाहेर जाताना सगळं स्टेडियम, विरुद्ध टीमचं स्टेडियम, उभं राहून टाळ्या वाजवत होतं. ही दोन्ही दृश्यं मी एकापाठोपाठ एक बरेचदा पाहिली आहेत. माझ्यापुरतं उत्तर त्या दोन रविवारांत आहे. स्टँड खूश ठेवून मिळते ती लोकप्रियता त्याच्याकडे पूर्ण कधी नव्हतीच. त्याच्याकडे होती ती वीस-पंचवीस वर्षं ज्यांना त्याने त्रास दिला त्यांच्याकडून मिळालेली, आणि ती काही मागून मिळत नाही. म्हणूनच ती मिलानच्या बाहेर, इटलीच्या बाहेर, आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आली असावी.

जाता जाता, इटलीच्या डिफेंडरांवरचं प्रेम आपल्याकडे नवं नाही. माल्दिनीच्या शेजारी वर्षानुवर्षं खेळलेला नेस्ता आणि २००६ चा मातेराझी हे दोघे २०१४ मध्ये आयएसएलला चेन्नईयिनकडून खेळले. मातेराझीने कोच म्हणून २०१५ ची फायनल फातोर्ड्याला जिंकली, ती एफसी गोवालाच हरवून. आमच्या विंगमधल्या गोवेकराजवळ हा विषय काढू नये.

माल्दिनी निवृत्त झाल्यावर मिलानने तीन नंबरची जर्सी बाजूला काढून ठेवली. सवलत एवढीच, की त्याचा मुलगा क्लबच्या पहिल्या टीममध्ये आला तर ती त्याला घालता येईल. तो स्वतः २०१८ मध्ये क्लबच्या ऑफिसात परतला, पुढे टेक्निकल डायरेक्टर झाला, २०२२ ला टीमने अकरा वर्षांनी लीग जिंकली आणि २०२३ मध्ये क्लबने त्याला काढलं. धाकटा मुलगा डॅनियल मिलानकडून खेळला, पण नंबर घेतला २७. पुढे तो क्लब सोडून गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीकडून त्याचं पदार्पण इस्रायलविरुद्ध झालं, आजोबा आणि वडिलांनंतर घरातला तिसरा. मॅच होती उडिनेला, जिथे १९८५ च्या जानेवारीत सोळा वर्षांचा पाओलो हाफटाइमनंतर मैदानात उतरला होता. डॅनियल अर्थात डिफेंडर नाही, तो पुढे खेळतो. तीन नंबर अजून कोणी घातलेला नाही.